वरुणेपलीकडची कचेरी

काशीला मी पुण्य कमवायला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. त्या काळी मी पुण्यातल्या एका संस्थेत परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवत असे. पुढच्या वर्षी त्यांतले सहाजण पुढचं शिकायला बनारसला जाऊन राहणार होते. त्यांच्या हातात चार पानांचं एक सूचनापत्रक द्यावं असं आमच्या संचालकांच्या मनात आलं. खोली कशी शोधायची, पाणी कुठलं प्यायचं, घरमालकाशी काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, असं सगळं. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण शिक्षकांच्या खोलीत एका जागी न बसणारी मीच. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आणि जिभेला हाड नाही असं सासूबाई. दोघींचंही खरं होतं. त्यातलं दुसरं किती खरं होतं ते काशीत कळलं.

हातात पाच दिवस होते. सोमवारी पोचायचं आणि शनिवारी सकाळच्या गाडीनं परत.

ब्रह्मा घाट

रिक्षावाल्यानं मला एका गल्लीच्या तोंडाशी उतरवलं आणि हात करून म्हणाला, बस, सीधे. काशीच्या गल्लीत सीधं असं काही नसतं. दहा पावलांवर एक बैल आडवा उभा होता, त्याच्या पुढे तीन वाटा फुटत होत्या आणि तिन्ही खाली उतरत होत्या. ज्याला विचारावं तो म्हणे, "मराठी लोग? नीचे जाइए, गंगाजी की तरफ." अर्धा तास बॅग उचलून मी नीचे जात राहिले. मग वरून कुणीतरी स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणालं, "ताई, तुम्ही इथून दोनदा गेलात. मी गच्चीतून बघत होते."

ती आनेके. हॉलंडची, तिशीची, उंच, केसांची घट्ट वेणी घातलेली. दोन वर्षं माझ्याकडे मराठी शिकली आणि मग मीमांसाशास्त्र शिकायला म्हणून काशीला आली. आता विनायकशास्त्रींच्या घरी राहून तिला दोन वर्षं झाली होती. पत्रकासाठी माहिती तीच देणार होती आणि माझी उतरायची सोयही तिनं त्याच घरी केली होती.

शास्त्रीबुवांचं कुटुंब कोकणातून काशीला येऊन सात पिढ्या झाल्या. घर दगडी, अरुंद आणि चार मजली, एकेका मजल्यावर दोन खोल्या. दोघे मुलगे नोकरीसाठी बाहेर, त्यामुळे घरात शास्त्रीबुवा, त्यांची बायको माई आणि तिसऱ्या मजल्यावर आनेके. गुरुजी, म्हणजे शास्त्रीबुवा, एकोणसत्तर वर्षांचे होते. एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानं उजेड तेवढा कळे. पाठ असा चाले, की आनेके मोठ्यानं ग्रंथ वाची, गुरुजी समजावून देत आणि ती ते वहीत उतरवून घेई. ग्रंथ छापलेला होता, पण गुरुजी सांगत तो अर्थ कुठेच छापलेला नव्हता. तो त्यांना वडिलांकडून मिळाला होता आणि वडिलांना आजोबांकडून. दोन वर्षांत ग्रंथ अर्ध्यावर आला होता. दुसरा विद्यार्थी नव्हता.

माईंचं मराठी ऐकून मला मजा वाटली. "ताई, परेशान होऊ नका, पानी गरम करून ठेवलंय, नहाऊन घ्या," असं त्या म्हणाल्या, आणि आनेके त्यांना म्हणाली, "माई, मी घंगाळात काढून देते." कोण काशीची आणि कोण हॉलंडची ते डोळे मिटून ओळखता आलं नसतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मात्र आनेके पाऊल टाकत नसे. माई सोवळ्यात असत. ही उंबऱ्याबाहेर पाट मांडून बसे, भाजी चिरून ताट आत सरकवून देई, जेवून आपलं ताट स्वतः घासून वेगळं ठेवी. मला ते पाहून कसंसंच झालं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. आनेके म्हणाली, की पहिले सहा महिने तिलाही वाईट वाटायचं. पुढे एकदा ती तापानं पडली तेव्हा माई तिची ओकारी आपल्या हातांनी पुसून, आंघोळ करून परत सोवळं नेसल्या. तेव्हापासून तिनं त्यावर विचार करणं सोडून दिलं.

पत्रकाचं म्हटल्यावर माईंनी पहिली सूचना लगेच दिली. "लिहा, की येताना स्वेटर आणा. सगळे समजतात हिंदुस्थानात थंडी-जाडा पडतच नाही. पूस-माघात हे दगडाचं घर असं गार पडतं, की ही पोर पहिल्या साली रजई अंगावर घेऊन जेवायला बसायची."

त्याच संध्याकाळी सहज बोलता बोलता कळलं, की आनेकेचा राहण्याचा परवाना शनिवारी संपतोय. काळजीचं काही नाही, असं तिचं म्हणणं. मागच्या वर्षी विद्यापीठाच्या पत्रावर काम झालं होतं. यंदा घरमालकाचं पत्र हवं होतं, ते गुरुजींनी सांगितलं आणि तिनं लिहून घेतलं होतं. बुधवारी कचेरीत जायचं, शिक्का घ्यायचा आणि यायचं.

शिंदे घाटापासून अस्सीपर्यंत

मंगळवारी सकाळी गच्चीवर चहा पीत असताना माकडानं माझा चष्मा पळवला. मी उठले, ओरडले, पदर हलवला. माकड पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलं आणि चष्म्याची काडी चावू लागलं. आनेके शांतपणे खाली गेली आणि भाजलेल्या हरभऱ्याची पुडी घेऊन आली. "ताई, त्याच्याकडे बघू नका. आपल्याला चष्मा नकोच आहे असं त्याला वाटलं पाहिजे." तिनं पुडी कठड्यावर ठेवली आणि पाठ फिरवून वाळत घातलेल्या कपड्यांच्या घड्या करू लागली. दोन मिनिटांत चष्मा खाली पडला. खोली बघतानाही हेच करायचं, असं ती घड्या करता करता म्हणाली. माझ्या पत्रकातली ती दुसरी सूचना. काडीवरची दाताची खूण अजून आहे.

मग आम्ही खोल्या बघायला निघालो. पाऊस सरून दोन-तीन आठवडेच झाले होते. गंगा खाली उतरली होती आणि मागे कंबरभर गाळ ठेवून गेली होती. घाटाघाटांवर पंप लावून पाण्याच्या फवाऱ्यानं पायऱ्या मोकळ्या करायचं काम चाललं होतं. शिंदे घाटाजवळ एक खोली फार देखणी होती, नदीकडे तीन खिडक्या आणि नवा रंग. मी भाळलेच. आनेकेनं मला भिंतीशी नेऊन रंगाखालून उमटलेली एक आडवी रेघ दाखवली. ती माझ्या डोक्याच्याही वर होती. घरमालक म्हणाले, "पानी हर साल थोड़े ही आता है." तेव्हा तिसरी सूचना: खोलीत गेल्यावर आधी खिडकीकडे बघू नये, भिंतीकडे बघावं.

दुसरी खोली मणिकर्णिकेच्या मागे. उजेड भरपूर आणि भाडं निम्मं. मालकानं मोठ्या अभिमानानं खिडकी उघडली. खाली लाकडांचे ढीग आणि सहा चिता. विदेशी लोगांना हाच व्ह्यू पाहिजे असतो, असं तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं, काहींना पाहिजे असेलही. पण संध्याकाळी वारा फिरला, की धूर थेट गादीवर येतो, हे त्याच्या बायकोनं आनेकेला जिन्यात हळूच सांगितलं. पुण्यात घरमालकीण भाडेकरूची चौकशी करते. काशीत ती भाडेकरूला नवऱ्यापासून सावध करते, निदान त्या दिवशी तरी केलं.

दुपारी कचौडी-जिलबी आणि कुल्हडभर लस्सी पोटात घालून अस्सीला गेलो. तिथे एका निवृत्त मास्तरांच्या घरी सगळं होतं. कमोड, गीझर, जाळीच्या खिडक्या. प्रश्नही तयार होते. मांस? मछली? कांदा-लसूण? भेटायला कोण येणार? रात्री किती वाजता परत? उत्तरं मनासारखी आली तर मास्तर करारही करून देत आणि पावतीही. मी सगळं भराभर टिपून घेतलं. एका दिवसात तीन खोल्या आणि अकरा सूचना! मी खूश होते. अजून तीन दिवस इथे काय करायचं, गाडी आधीची मिळते का बघावं, असंही मनात येऊन गेलं.

कचेरी

परदेशी माणसांची नोंद जिथे होते ती कचेरी शहराच्या उत्तरेला, वरुणा नदीच्या पलीकडे आहे. बुधवारी आनेके निघाली तशी मीही चपला घातल्या. ती म्हणाली, "मी एकटी गेले असते, ताई." मी म्हटलं, पत्रकासाठी कचेरीही बघायला हवी. ते खरं होतं, पण घरात बसवत नव्हतं हे त्याहून खरं.

तिथले साहेब चाळिशीचे होते. सभ्य माणूस, आम्हा दोघींना खुर्च्या दिल्या. अर्ज वाचला, फोटो लावले, गुरुजींचं पत्र वाचलं. शिक्क्याचं झाकण उघडलं. आणि उगाच विचारावं तसं म्हणाले, "किराये की रसीद?"

आनेके म्हणाली, "मैं गुरुजी के घर में रहती हूँ." एवढंच. त्यावर त्यांनी मान हलवली आणि शिक्क्याकडे हात नेला. काम झालंच होतं. पण मला राहवलं नाही. आपल्या माणसांची कीर्ती सरकारी टेबलावर सांगायची संधी कुठली मराठी बाई सोडेल? मी खुर्चीत पुढे सरकले आणि माझ्या पुणेरी हिंदीत म्हणाले, की साहब, वो लोग किराया लेतेच नहीं. एक पैसा नहीं. हमारे में विद्यार्थी से पैसा नहीं लेते. खाना-पीना सब उधरच. बेटी जैसी रखते हैं, और वो भी सब काम करती है, बाज़ार लाती है, पानी भरती है, गुरुजी को पढ़के सुनाती है.

साहेबांचा हात थांबला. "काम करती हैं?"

आनेकेनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, त्यामुळेच मी सटपटले. साहेबांनी झाकण परत लावलं. शिकण्यासाठी आलेल्या परदेशी माणसाला काम करायची परवानगी नसते, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. किराया नाही, करार नाही आणि कामाच्या बदल्यात राहणं-जेवण, हे त्यांनी कागदावर काय म्हणून लिहायचं? "मुझे भी ऊपर जवाब देना पड़ता है, मैडम."

मी सारवासारव करायला गेले आणि घोळ वाढवून ठेवला. शेवटी त्यांनी सांगितलं, की घरमालकानं शुक्रवारी स्वतः यावं आणि समोर बसून बयान द्यावं. मी म्हटलं, म्हातारे आहेत, डोळ्यांनी दिसत नाही, तुम्हीच कुणाला तरी घरी पाठवा. ते म्हणाले, चौकशी ठाण्यामार्फत होते आणि तिला तीन आठवडे लागतात. तोवर परवाना संपलेला असेल आणि मग देश सोडण्याची नोटीस काढण्यावाचून त्यांच्या हातात काही राहणार नाही. माणूस वाईट नव्हता. माझ्या तोंडून ऐकलं ते त्यांना न ऐकल्यासारखं करता येईना, इतकंच.

परतताना पुलावर आनेके म्हणाली, "जाऊ द्या ताई, गुरुजी येतील. अडचण काही नाही." मला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं.

घरी आल्यावर मी गुरुजींना सगळं सांगून टाकलं, माझ्या मूर्खपणासकट. ते ऐकत होते. मग एवढंच विचारलं, "कचेरी कुठे आहे?"

"वरुणेच्या पलीकडे."

"बरं," ते म्हणाले. "आनेके, आजचा पाठ राहिलाय." दोघं वर गेली. माई कणीक मळत होत्या. त्यांचे हात परातीत थांबलेले मी पाहिले, पण अर्थ लागला नाही.

उंबऱ्यावर

गुरुवारी सकाळी आनेके भाजी आणायला गेली तेव्हा माईंनी मला उंबऱ्याशी बसवलं आणि सांगितलं. गुरुजींनी साठी झाल्यावर क्षेत्रसंन्यास घेतला होता. वरुणा आणि अस्सी या दोन नद्यांच्या मधे काशी. त्या काशीतून देह पडेपर्यंत पाऊल बाहेर टाकायचं नाही, असं ते व्रत. बाहेर मरण आलं तर जन्मभर काशीत राहिल्याचं फळ गेलं. नऊ वर्षांत ते वरुणेच्या पलीकडे गेले नव्हते.

"धाकट्याचं लग्न लखनौला झालं," माई म्हणाल्या. "मी एकटीच गेले. यांनी इथून अक्षता पाठवल्या. मुलाच्या लग्नाला वरुणा ओलांडली नाही, आणि आता हिच्यासाठी निघालेत."

मी विचारलं, तुम्हाला राग येतो का.

"येतो तर. का नाही येणार?" त्यांनी निवडायच्या तांदळातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "पण ही गेली तर ते बोलतील कुणाशी? माझ्याशी का मीमांसा बोलतात? सकाळी उठून बसतील आणि दिवसभर बसूनच राहतील. मी ते बघितलंय, ही यायच्या आधी."

मग मला घरात थांबवेना. हे सगळं माझ्या तोंडानं झालं होतं, आता पायांनी निस्तरावं असं वाटून मी तशीच अस्सीला धावले. निवृत्त मास्तर भले गृहस्थ. आनेके आपल्याच घरी राहते असा करार ते मागच्या तारखेनं लिहून द्यायला तयार झाले. तो मसुदा घेऊन मी धापा टाकत परत आले आणि गुरुजींच्या पुढ्यात बसले.

"ती तिथे राहते का?" गुरुजींनी विचारलं.

नाही, पण कागदावर.

"जिथे राहत नाही तिथे कागदावर कशी राहील?"

मी म्हटलं, मग तुम्हीच एक रुपया भाडं घ्या, पावती लिहा, मी आत्ता जाऊन देऊन येते. ते म्हणाले, विद्यार्थ्याकडून घ्यायचं नसतं, एक रुपया घेतला तरी घेतलाच. मग साहेबांना व्रताचं सांगते, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. "माझं व्रत ही त्यांची अडचण नाही. त्यांनी त्यांचा नियम पाळायचा."

मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, गुरुजी, खोट्याला प्रायश्चित्त असेलच की. एवढा नऊ वर्षांचा नेम मोडायचा, त्यापेक्षा एक खोटा कागद परवडला.

ते थोडे हसले. "खोट्याला प्रायश्चित्त आहे आणि नेम मोडण्यालाही आहे. पण खोटं मला शिष्येच्या देखत चालवून घ्यावं लागेल. त्यानंतर तिला काय शिकवू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला क्षेत्रसंन्यासाचं ठाऊक नाही. कळलं तर आजच सामान बांधेल. तेव्हा ताई, उद्या संध्याकाळपर्यंत तुम्ही तेवढं गप्प राहा."

मला आयुष्यात कुणी इतकं अवघड काम सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी आनेकेच्या समोर येणंच टाळलं. शिंदे घाटापासून दशाश्वमेधापर्यंत दोनदा चालत गेले आणि आले, नको असलेल्या पितळी डब्या घेतल्या, होडीवाल्याशी उगीच भाव केला आणि होडीत बसलेच नाही. कार्तिक लागायचा होता, घाटावर आकाशदिव्यांसाठी बांबू रोवणं चाललं होतं. ते बघत उभी राहिले तर मागून आनेकेचाच आवाज आला, ताई, बरं नाही का? मी म्हटलं, जिलबी बाधली.

पूल

शुक्रवारी आनेके सायकलीनं पुढे गेली, कचेरीत नंबर लावायला. मी आणि गुरुजी मागून सायकलरिक्षानं. निघताना माईंनी गंगेच्या पाण्यानं भरलेला तांब्या तोंडाला फडकं बांधून माझ्या हातात दिला. दारापर्यंत त्या आल्या नाहीत.

गुरुजी रिक्षात ताठ बसले होते. नऊ वर्षांत एवढ्या लांबवर ते आलेच नव्हते. नाकानं आणि कानानं शहर ओळखत होते. इथे तेलाची घाणी होती ना? आता पेट्रोलचा वास येतो. इथे मशीद, इथून उजवीकडे. मी हो हो म्हणत होते. तांब्या दोन्ही हातांनी धरला होता, त्यामुळे हातांना चाळा नव्हता. पूल दिसला तेव्हा रिक्षावाल्याला "वळव" म्हणावं असं अगदी ओठांवर आलं. गुरुजींनी विचारलं, आला का? मी आला म्हटलं. त्यांनी हात जोडले आणि पुटपुटून काहीतरी म्हटलं. मग मला म्हणाले, "रिक्षावाल्याला सांगा, जपून चालव. आज पुलापलीकडे मरून चालायचं नाही."

खाली वरुणा म्हणजे हिरवट पाण्याचा एक ओढा. पुण्यातल्या मुठेइतकीही नाही. मी गुरुजींचा दंड धरून ठेवला. आम्ही ओलांडली.

साहेब गुरुजींना पाहून उभे राहिले आणि खुर्ची पुढे केली. मग वहीत लिहू लागले. आप मकान-मालिक हैं? मकान पिताजी का था, अब मैं रहता हूँ. किराया लेते हैं? नहीं. मी जीभ दातांत धरून बसले होते.

"इनसे काम करवाते हैं?"

"करवाता हूँ," गुरुजी म्हणाले.

आनेके हातातल्या वहीकडे बघत होती.

"मेरी आँखें नहीं हैं, साहब. ये पढ़ती हैं, मैं समझाता हूँ, ये लिखती हैं. सब्ज़ी भी ले आती हैं. मैंने भी अपने गुरुजी के घर पानी भरा है. हमारे यहाँ इसी को पढ़ना कहते हैं."

साहेबांनी आनेकेकडे वही मागितली. चाळली. पानांमागून पानं बारीक देवनागरीत भरलेली, समासात लाल शाईनं शंका आणि त्यांची उत्तरं. दोन-तीन पानं त्यांनी वाचायचा प्रयत्न केला असावा, कारण ओठ हलले. मग वही परत देऊन त्यांनी लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं: आवेदिका गुरु के घर में रहकर अध्ययन करती हैं. किराया, लागू नहीं. शिक्का मारला, सही केली.

"एक साल के लिए," ते म्हणाले. "अगले साल फिर आना होगा. बयान आपका दर्ज हुआ है, तो आपको भी, गुरुजी."

मी तोंड उघडलं. गुरुजींनी टेबलाखाली हातातली काठी माझ्या पायावर टेकवली. मी मिटलं.

त्या पत्रकाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. ते छापलं गेलं, बावीस सूचना आणि शेवटी घाटांचा नकाशा. स्वेटर, भिंतीवरची रेघ, वाऱ्याची दिशा, माकड, सगळं त्यात आहे. कचेरीत विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यावं, बरोबरच्या माणसाला बोलू देऊ नये, ही सूचना मी ठळक अक्षरांत टाकायला लावली. विद्यार्थ्यांना ते पत्रक फार उपयोगी पडलं म्हणतात.

परत येताना आनेके सायकल हातात धरून रिक्षाच्या बाजूनं चालत होती. ती आनंदात होती, संध्याकाळी माईंना काय गोड करायला सांगायचं ते विचारत होती. पूल संपला तशी गुरुजींनी रिक्षा थांबवायला सांगितली. काठी टेकत उतरले. पायांनी चाचपडत डांबरी रस्त्याच्या कडेची माती शोधली. माझ्याकडून तांब्या घेतला, पाय धुतले, तोंडात पाणी घेऊन चूळ भरली, मग वाकले आणि चिमूटभर माती कपाळाला लावली.

आनेके थांबली. दोन वर्षं ती हीच शास्त्रं वाचत होती, तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. मागे वळून तिनं पुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, गुरुजी क्षेत्रसंन्यासी आहेत?"

मी जन्मात पहिल्यांदा एका सरळ प्रश्नाला उत्तर दिलं नाही. तिला ते पुरलं. सायकल तिच्या हातातून सुटून रस्त्यावर आडवी पडली. ती गुरुजींच्या समोर जाऊन उभी राहिली, डोळे भरलेले, आणि म्हणाली, "मी पुढच्या वर्षी राहणार नाही. त्याच्या आधी जाईन."

गुरुजी उपरण्याला हात पुसत होते. तिचा आवाज आला त्या बाजूला त्यांनी तोंड वळवलं.

"पुढच्या वर्षी जरा लवकर निघू," ते म्हणाले. "आज ऊन फार लागलं."